केटलीखालचा जाळ

१

मंगळवारी दुपारी माझ्या भाचीच्या, मॅरनच्या, स्वयंपाकघराला आग लागली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या सेडर नेक गावाने गुन्हेगार ठरवूनही टाकला. गुन्हेगार कोण, तर मॅरनच.

पुरावा काय होता? शेगडीवर काळीठिक्कर पडलेली रिकामी केटली, जळून गेलेला खिडकीचा पडदा आणि मॅरनचा आजार. बाई बोलता बोलता शब्द विसरते, चाव्या विसरते, म्हणजे गॅस बंद करायलाही विसरली असणार. झालं. अग्निशमन दलाच्या प्रमुखाने हेल्मेट काढून डोकं खाजवलं, शेगडीकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. ती मान कशासाठी हलली ते रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं.

भिंत काळी झाली, दोन कपाटं गेली. तेवढंच असतं तर मीही चार शिव्या देऊन गप्प बसले असते. पण वरच्या खोलीत टेस होती. टेस म्हणजे मॅरनची नऊ वर्षांची मुलगी. शाळा त्या दिवशी अर्धाच वेळ होती. आईबरोबर जेवून ती वर गेली आणि कानात गाणी लावून पालथी पडली. मॅरन गल्लीच्या टोकाला अंडी आणायला पायीच गेली, कारण तिची गाडी गॅरेजमध्ये होती. ती परत येईपर्यंत जिन्यात धूर भरला होता. कुत्रा भुंकून भुंकून वेडा झाला म्हणून पोर खाली धावली, नाहीतर काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

बुधवारी मॅरनच्या घटस्फोटित नवऱ्याच्या, ड्वाइटच्या, वकिलाने कोर्टात अर्ज टाकला. आई आजारी आहे, तिचं डोकं ठिकाणावर नाही, मुलीचा ताबा बापाकडे द्या. सुनावणी सोमवारी.

मी प्रुडन्स हॅस्केल. उभा जन्म कोर्टात लघुलेखक म्हणून काढला. वकील मध्येच बाहेर जातात, न्यायाधीशांनाही डुलकी लागते, पण लघुलेखकाला प्रत्येक माणसाचा प्रत्येक शब्द ऐकावाच लागतो. ती खोड निवृत्त झाल्यावरही गेली नाही. मायलेकींना मी माझ्या घरी घेऊन आले. टेस झोपाळ्यावर कुत्र्याला कुशीत घेऊन बसली होती. मॅरन माझ्या टेबलापाशी ताठ बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूसही नव्हता.

"मावशी," ती म्हणाली, "ती केटली मी पेटवलेली नाही. गेलं वर्षभर मी ती शेगडीवर ठेवलेलीच नाही."

२

"हे तू त्या प्रमुखाला सांगितलंस?"

"सांगत होते. पण ते... ते लाकडाचं, ज्याने ढवळतात..."

मी थांबले.

"चमचे!" ती टेबलावर मूठ आपटून म्हणाली. "चमचा हा शब्दच येईना मला. तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मी पिऊन आलेय. मग मी ओरडले. मग तो अजूनच गोड बोलायला लागला."

मॅरनचा आजार लाइम. नावाचा लिंबाशी काही संबंध नाही. आमच्यापासून थोड्या अंतरावरच्या गावावरून ते पडलंय. खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड चावते आणि तिच्या पोटातले जंतू अंगात शिरतात. लवकर कळलं तर साध्या गोळ्यांनी माणूस खडखडीत बरा होतो. मॅरनचं कळायला वर्ष गेलं. गोचीड चावली डोक्यात, वर्तुळासारखा लाल चट्टा उठला तो केसांखाली, कोणाला दिसला नाही. रक्त तपासलं ते फार लवकर, म्हणून त्यात काही आलं नाही. पुढे सांधे सुजले, झोप उडाली, तेव्हा शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरने तिला सुट्टीवर जाण्याचा सल्ला दिला. शेवटी एका सकाळी अर्धा चेहरा लुळा पडून ओठ लोंबायला लागला, तेव्हा कुठे आमच्या गावातला दवाखाना चालवणाऱ्या इनेस काब्रालने तिचा हात धरला आणि पुन्हा रक्त काढलं. औषधाने चेहरा सरळ झाला, सांधे सुधारले. मागे राहिला थकवा आणि हे शब्दांचं हरवणं.

"नीट सांग," मी म्हटलं. "घाई नाही."

"माझा विसरभोळेपणा मला माहीत आहे ना मावशी! म्हणून तर चहासाठी विजेची केटली घेतली, ती आपोआप बंद होते. जुनी केटली खिडकीत ठेवली होती. तिच्यात मी लाकडी चमचे उभे करून ठेवायचे. गच्च भरलेली होती ती."

मी टेसला शेजारी सोडलं, मॅरनच्या घरी गेले आणि धुराने काळवंडलेल्या ओट्याकडे पाहिलं. मोरीच्या शेजारी लाकडी चमचे एकाला एक लावून आडवे ठेवलेले होते. टोकं होरपळली होती, पण रांग मोडली नव्हती.

विसरभोळी बाई चहाच्या तंद्रीत आधी डझनभर चमचे बाहेर काढून, नीट लावून ठेवते आणि मग पाणी न घालताच केटली गॅसवर चढवते? मी मनातल्या मनात त्या प्रमुखाला एक सणसणीत शिवी दिली.

म्हणजे कोणीतरी हे मुद्दाम केलं होतं. आणि करणाऱ्याला या घरात चहा शेगडीवरच्या केटलीत होतो हे माहीत होतं, पण तो आता तसा होत नाही हे माहीत नव्हतं.

पुढच्या दाराने कोणी आलं असतं तर समोरच्यांना दिसलं असतं; त्या घरातले आजोबा दिवसभर खिडकीतच असतात. मी मागच्या दाराने बाहेर पडले. विजारीचे पाय मोज्यांत खोचले, कारण जून महिन्यात तसं न करता मागच्या अंगणात जाणाऱ्याला आमच्याकडे वेडा म्हणतात. अंगणाच्या कडेने दगडी बांध आहे आणि त्यापलीकडे बार्बेरीची काटेरी झुडपं माजलीत. त्यांच्यातून एक जुनी पायवाट होडीच्या धक्क्यापर्यंत जाते. आता ती कोणी वापरत नाही, कारण बार्बेरीखाली उंदीर आणि उंदरांच्या अंगावर गोचिडी. लोक उगाच हरणांच्या नावाने बोटं मोडतात. जंतू गोचिडींना मिळतात ते जास्त करून उंदरांकडून.

मॅरनने त्या बांधाच्या कडेने पुठ्ठ्याच्या नळ्या ठेवल्यात, आत औषध लावलेला कापूस. उंदीर तो कापूस घरट्यात नेतात आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी मरतात. आजार झाल्यापासून या बाईने त्या किड्यांशी उभा दावा मांडलाय.

वाटेच्या तोंडाशी एक नळी बुटाखाली चिरडून चिखलात सपाट झाली होती. ठशाची टाच घराच्या दिशेला नव्हती, टोक होतं. कोणीतरी झाडीतून घराकडे आलं होतं.

३

गुरुवारी मी हेस्टर स्ट्राउडकडे गेले. हेस्टर म्हणजे ड्वाइटची आई, मॅरनची एकेकाळची सासू, आणि माझी शाळेपासूनची वर्गमैत्रीण. मैत्रीण म्हणजे आमचं एकमेकींशिवाय चालत नाही आणि एकमेकींशी पटत नाही.

ती व्हरांड्यात मटार सोलत होती. "आलीस? वाटलंच मला. बस. भाचीची वकिली करायला आली असशील."

"मंगळवारी दुपारी तू कुठे होतीस हेस्टर?"

"अगं बाई! म्हणजे मी जाळलं होय घर?" तिने मटारची शेंग माझ्याकडे रोखली. "या मोडक्या खुब्यावर मला आधाराशिवाय पायऱ्या उतरवत नाहीत. इथेच होते, याच खुर्चीत. विचार पोस्टमनला."

"मॅरनच्या घरी शेवटची कधी गेलीस?"

"रविवारी. दर रविवारी नातीला आणायला जाते, बोलणी खायला नाही. आणि तिच्या त्या केटलीचा चहा पिऊन येते. मीच दिलीय ती विजेची केटली, ठाऊक आहे? म्हटलं, स्वतःला भाजून घेशील एक दिवस. आणि बघ!"

"म्हणजे जुनी केटली ती वापरत नाही, हे तुला माहीत होतं."

हेस्टरचे हात मटारात थांबले. ती मूर्ख कधीच नव्हती.

"तुझ्या भाचीचं दुखणं खरं असेल, नसेल," ती म्हणाली. "आमच्या लहानपणी आम्ही त्याच झाडीत लोळायचो. कोणाला काही झालं नाही. पण पोरगी धुरात सापडली, प्रू. माझी नात."

"म्हणूनच आलेय मी."

ड्वाइटशी फोनवर बोलले. तो हार्टफर्डला दातांचा डॉक्टर आहे. "मंगळवारी दुपारी माझे दोन्ही हात एका माणसाच्या जबड्यात होते, मावशी," तो म्हणाला. "खात्री करून घ्या." घेतली. त्याची स्वागतिका म्हणाली, त्या दिवशी रांग दारापर्यंत होती.

"तू अर्ज मागे घे," मी म्हटलं.

"पुढच्या वेळी कुत्रा बाहेर असला तर?" त्याचा आवाज कापला. "मला मॅरनचा राग नाही. मला भीती वाटते."

ती भीती खरी होती. सोमवारी न्यायाधीशांनी हाच आवाज ऐकला असता तर टेस गेलीच म्हणायची. माझ्या हातात होते काही जळके चमचे आणि पुठ्ठ्याची एक चपटी नळी.

फोन ठेवताना ड्वाइट म्हणाला, "रोझलिंड उद्या बॉस्टनहून येतेय. तिच्याशी बोला. तिचं मॅरनशी चांगलं जमतं."

४

रोझलिंड, ड्वाइटची धाकटी बहीण, शुक्रवारी सकाळी माझ्या दारात उभी राहिली ती पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ घेऊन. तिने मॅरनला मिठी मारली, टेसचे मुके घेतले, आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून डोळे पुसले. ती नेहमीच अशी होती, सगळ्यांची लाडकी. मॅरन दवाखान्यात दुखण्याने विव्हळत होती तेव्हा तिला पत्र पाठवणारी स्ट्राउडांच्या घरातली ती एकटीच.

"मला कळल्यापासून झोप नाही, प्रू मावशी. ईस्टरनंतर इकडे पाऊल टाकता आलं नाही. काम, काम आणि काम. गेले दोन आठवडे ऑफिस ते घर आणि घर ते ऑफिस, गवताची काडी दिसलेली नाही मला."

"मग आज सुट्टी कशी मिळाली?"

"मागून घेतली. म्हटलं, सोमवारी मॅरनला कोणीतरी हवं सोबत." ती मॅरनकडे वळली. "तू लढू नकोस गं. थोडे दिवस टेसला ड्वाइटकडे राहू दे. तू बरी हो. तुझाच जीव वाचेल."

मॅरनने तिचा हात बाजूला केला. तसा हळूच, पण केला. "मी लढणार आहे, रोझ."

रोझलिंडने केस मागे सारले आणि कानामागे खाजवलं. मी उठले. आमच्याकडे कोणी कानामागे खाजवलं की दुसऱ्याने उठून बघायचं, ही रीतच आहे. पाहुणा असो, पाद्री असो.

"हलू नकोस. गोचीड आहे."

"ई! तुमच्या अंगणातून येताना पडली असेल आत्ता!"

चिमट्याने मी तिला कातडीलगत धरली, न पिळता सरळ ओढली. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत टाकली, वर तारीख लिहिली आणि फ्रीझरमध्ये वाटाण्याच्या पाकिटाशेजारी ठेवून दिली. चावलेल्याला पुढे ताप आला तर दाखवायला बरी. इथल्या प्रत्येक फ्रीझरमध्ये असं एखादं पाकीट सापडेल. आम्ही इतक्या गोचिडी काढल्यात की त्यांच्याकडे नीट बघतही नाही.

"मला गोळी घ्यावी लागेल का?" रोझलिंडने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता. तिने मॅरनचा लुळा पडलेला ओठ पाहिला होता.

"आजच सकाळी चिकटली असेल तर नाही," मी म्हटलं. "ताप, चट्टा यांच्यावर लक्ष ठेव."

तिने सुटकेचा श्वास टाकला, पण हात पुन्हा कानामागे गेला. मग ती आईकडे राहायला निघून गेली.

५

शनिवारी मी पुन्हा त्या पायवाटेवर गेले. नव्याने काही हाती लागलं नाही. घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरच्या गरम हवेत टाकले, कारण नुसत्या धुण्याने हे किडे मरत नाहीत, आणि अंग तपासलं. मोज्याच्या काठावर एक गोचीड नुकतीच चिकटलेली होती. काढली, पिशवीत टाकली आणि फ्रीझर उघडला.

माझी गोचीड चपटी, काळपट, दाण्यासारखी होती. शेजारची रोझलिंडची गोचीड राखाडी, फुगलेली, पोट टम्म झालेली होती.

मी फ्रीझरचं दार उघडं टाकून तशीच उभी राहिले. वाफा पायांवर येत होत्या. मग दोन्ही पिशव्या उचलल्या आणि दवाखान्याचा रस्ता धरला.

इनेसने त्या दिव्याखाली धरल्या. "दोन्ही एकाच जातीच्या. ही तुमची? ही बसली आणि तुम्ही उचलली. आणि ही बया दोन दिवस तरी जेवतेय, कदाचित तीन."

"सकाळी चिकटलेली असू शकत नाही?"

"प्रू, एका सकाळी एवढं रक्त पिणारी गोचीड निघाली तर मी गाव सोडून जाईन. ती हळू पिते. जंतू तिच्या पोटातून तोंडापर्यंत यायलाही दीडेक दिवस लागतो, म्हणून तर मी घसा कोरडा करून सांगते, रोज अंग बघा. ही कोणाची आहे?"

"ते उद्या सांगेन."

इनेसचे डोळे बारीक झाले. "ते माणूस चोर असो की साव, त्याला माझ्याकडे पाठवा. काढल्यापासून तीन दिवसांच्या आत औषधाचा एक डोस दिला तर बहुतेक वेळा आजार टळतो. उद्या दुपारपर्यंत मी इथे आहे. त्यानंतर मला सांगायला येऊ नका."

गेले दोन आठवडे गवताची काडी न पाहिलेल्या बाईच्या कानामागे, जिला ऑफिस आणि घर यांपलीकडे काही दिसलं नाही तिच्या कानामागे, मंगळवारपासून एक गोचीड जेवत होती. आणि ती बाई या गावात शेवटची आली ईस्टरला, तेही आईच्या व्हरांड्यापर्यंतच. मॅरनच्या ओट्यावरची विजेची केटली तिने पाहिलेलीच नव्हती.

मला तेव्हाच तिला फोन करता आला असता. नाही केला. मला तिचं तोंड सगळ्यांसमोर बघायचं होतं.

६

रविवारी हेस्टरकडे जेवणाचं बोलावणं होतंच. टेसला सोमवारचं काही कळू नये म्हणून दोन्ही घरांनी हे ठरवलेलं. पोरगी जेवून शेजारच्या पोरांबरोबर अंगणात गेली, आणि हेस्टरने शिंपल्यांच्या सुपाचं भांडं पुन्हा फिरवलं. ड्वाइट, रोझलिंड, मॅरन, हेस्टर आणि मी एवढेच टेबलावर होतो.

मी दोन पिशव्या मिठाच्या भांड्याशेजारी ठेवल्या.

"प्रू! माझ्या टेबलावर?" हेस्टर ओरडली.

"रोझलिंड, ही फुगलेली तुझी. इनेस काब्राल दवाखान्यात बसलीय. तिच्याकडे एक औषध आहे. एकदाच घ्यायचं, आजार टळतो. पण ती एक प्रश्न विचारणार, गोचीड कधी चिकटली? शुक्रवारी सकाळी, असं सांगितलंस तर ती म्हणेल औषधाची गरज नाही. मंगळवारी चिकटली असं सांगितलंस तर लगेच देईल." मी खुर्चीत मागे रेलले. "काय सांगणार आहेस?"

रोझलिंड त्या पिशवीकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर घाम फुटला.

"मंगळवारी मी बॉस्टनला होते," ती म्हणाली.

"मग औषध नको. मॅरनला नीट बघून घे. चट्टा केसांत उठला तर दिसणारही नाही. वर्षभराने एका सकाळी तोंड धुताना—"

"मावशी, पुरे!"

मॅरन उभी राहिली होती. तिला एवढ्या चढ्या आवाजात बोलताना मी वर्षात ऐकलं नव्हतं.

"तिला घेऊन चला दवाखान्यात. आत्ता. तिने काय केलंय, काय नाही, ते नंतर. मी माझं घर परत मिळवेन, मुलगीही सोडणार नाही, पण त्यासाठी हा आजार कोणाला... कोणाला..." ती शब्द शोधत होती, "कोणाला वापरू देणार नाही मी. इनेस प्रश्न विचारणार नाही, रोझ. तिला गोचीड बघूनच कळतं. ऊठ."

मला माझी लाज वाटली, हे कबूल करते.

रोझलिंड उठली नाही. तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"मला फक्त केटली जाळायची होती," ती बोटांआडून म्हणाली. "तिच्यात चमचे का भरलेत याचा घाईत विचारही केला नाही, काढून ठेवले आणि गॅस लावला. तळ काळा पडला असता, वास सुटला असता. कोणीतरी लिहून ठेवलं असतं की ही विसरते. ड्वाइटच्या वकिलाला काहीतरी ठोस हवं होतं. दारात गाडी नव्हती! मला वाटलं घरात कोणी नाही. पडदा आत उडेल हे मला..."

"टेस वर होती," ड्वाइट म्हणाला. तो इतक्या हळू बोलला की मला पुढे झुकावं लागलं. "तू गॅस पेटवून झाडीतून निघून गेलीस, आणि माझी मुलगी वर होती."

"तुझ्यासाठी केलं मी! ती आई म्हणून ठीक आहे असं तुला वाटतं? तिला चमचा शब्द येत नाही!"

"मी कधी म्हटलं होतं तुला असं करायला?"

"तू रडत होतास फोनवर!"

हेस्टरने सुपाचा डाव खाली ठेवला. तिचा आवाज अगदी सपाट होता. "रोझलिंड, गाडीत बस. आधी इनेसकडे, मग पोलीस ठाण्यात. मी नेते तुला. खुबा मोडला तरी चालेल."

दाराशी जाताना ती मॅरनजवळ थांबली. या दोघींमध्ये कित्येक वर्षांत सरळ वाक्य गेलेलं नव्हतं.

"ते दुखणं खरं आहे तर," हेस्टर म्हणाली.

"खरंच आहे, आई. सांगत होते मी."

"हो. सांगत होतीस." आणि ती कुरकुरत पायऱ्या उतरली.

रोझलिंडला त्या दुपारी औषध मिळालं. इनेसने तिला एक शब्द विचारला नाही, फक्त पुढचे काही आठवडे अंगावर काय काय बघायचं ते दोनदा समजावून सांगितलं.

७

मला वाटलं, संपलं. पण सोमवारी कोर्टात ड्वाइटचा वकील उभा राहिला तो मुळीच खाली मान घालून नाही. आगीचा मुद्दा आपण सोडतो, तो म्हणाला, ते दुर्दैवी कौटुंबिक प्रकरण आहे. पण आग कोणी का लावेना, आई आजारी आहे हे तर खोटं नाही ना? ड्वाइट त्याच्या शेजारी बसून टेबलाकडे बघत होता. त्याने वकिलाला थांबवलं नाही. भीती एका रात्रीत जात नाही, आणि मीही त्याला त्या क्षणी माफ केलं नाही.

मॅरन साक्षीला उभी राहिली. तिने निळा शर्ट घातला होता, केस मागे बांधले होते.

"तुम्ही गोष्टी विसरता, खरं की नाही?" वकिलाने विचारलं.

"खरं."

"शब्द विसरता?"

"रोज."

"अशा अवस्थेत एका लहान मुलीची काळजी घेणारी व्यक्ती कशी असायला हवी असं तुम्हाला वाटतं? आणि तुम्ही तशी आहात का?"

"मी तशी आहे. मी माझ्या घरात प्रत्येक धोक्याला उपाय करून ठेवलाय. केटली आपोआप बंद होते. गोळ्यांची वेळ घड्याळ सांगतं. मुलीचं अंग मी रोज तपासते, एकही दिवस चुकला नाही. मी एक..." ती थांबली. "मी एक..."

शब्द गेला होता. मला तिच्या मानेची शीर दिसत होती. वकिलाने हात पसरले आणि न्यायाधीशांकडे बघून इतकं सहानुभूतीचं हसला की मला उठून त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

"मी मदत करू का?" त्याने विचारलं.

"नको," मॅरन म्हणाली. "खाली बसा. मला माझा शब्द सापडेपर्यंत तुम्ही सगळे थांबणार आहात. माझी मुलगी रोज थांबते."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं आणि वकिलाला बसायची खूण केली. तो बसला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मॅरन कठड्याला धरून उभी राहिली, ना घाबरली, ना कोणाची क्षमा मागितली, आणि आम्ही सगळे थांबलो. ड्वाइटने मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं.

"जबाबदार," ती म्हणाली. "मी आजारी आहे आणि मी जबाबदार आई आहे. दोन्ही लिहून घ्या."

समोरच्या तरुण लघुलेखिकेने दोन्ही लिहून घेतलं. ड्वाइट उठला, वकिलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला काहीतरी म्हणाला आणि अर्ज मागे घेतला. टेस आईकडेच राहिली.